अकरा मिनिटं

मालपिकाच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्यामागे
जाळी विणणाऱ्या बायकांची एक लांबट खोली आहे.
मंगळवारी दोसिंदाचा फोन आला:
"ये लवकर. म्हातारा आचके देतोय."

म्हातारा म्हणजे संगणक.
चौदा वर्षं खाऱ्या वाऱ्यात काढलेला,
पाठीचे स्क्रू गंजून विटकरी,
पंख्यात हिरव्या नायलॉनचा भुगा,
एक कळ कधीच उडालेली,
तिच्या जागी दोसिंदानं
शर्टाचं बटण चिकटवलंय.

शेजारी नवा. थर्मोकोलचे दाणे अजून अंगावर.
त्याला काहीच येत नव्हतं.
ट्रॉलच्या पोटाला घेर किती,
डोळा कुठं ऐंशीचा, कुठं शंभरचा,
कुठल्या ओळीत किती डोळे गाळायचे,
सगळं म्हाताऱ्याच्या ताब्यात.
आणि करार असा:
परवाना एक. एका वेळी यंत्र एक.
हलवायची मुभा दोनदा,
त्यातली एक, पाणी खोलीत शिरलं त्या वर्षी
वापरून झालेली.

"म्हणजे ही शेवटची," मी म्हटलं.
"मग नीट कर," म्हणाली, नि खुर्ची ओढून बसली.

आधी इथून सोडायचं, मगच तिथं बांधायचं,
मी समजावू लागलो, तशी ती हसली.
पन्नास वर्षं गाठी मारणाऱ्या बाईला
मी सांगत होतो
की एकच टोक दोन जागी बांधता येत नाही.

'परवाना मुक्त करा' दाबलं.
यंत्रानं विचारलं, खात्री आहे?
परत विचारलं, नक्की?
"माझ्या लग्नात पाद्रीनंसुद्धा एकदाच विचारलं होतं,"
दोसिंदा म्हणाली.

पंचवीस अक्षरं उमटली, थरथरत,
आणि पडदा विझायच्या बेतात.
कागद? कागद कुठाय?
साबेलानं बुचाचा बोया पुढे केला.
खुणेच्या जाड पेनानं, तिरक्या अक्षरांत
दोसिंदानं सगळं त्यावर गोल गोल उतरवलं.
शेवटचं अक्षर लिहिलं न लिहिलं
तोच अंधार.

आता परवाना या यंत्रात नव्हता,
त्याही यंत्रात नव्हता.
बुचावर होता, ओल्या शाईत,
आणि साबेला तो दोन्ही हातांत धरून
खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला
अंडं नेल्यासारखी चालत होती.

"हे शून्य की ओ?"
"शून्य."
नव्या यंत्रानं मान्य केलं नाही. दोन प्रयत्न उरले.
"मग ओ असेल."
नाही. उरला एक.
खोलीतल्या सगळ्या सुया थांबल्या.
बाहेर क्रेन तेवढी करकरत राहिली.

दोसिंदानं बोया खिडकीशी नेला,
हातभर लांब धरला,
डोळे बारीक केले.
"शून्य नाही, ओ पण नाही.
दोर ओवायचं भोक आहे ते, गाढवा."
मी मोजलं. भोक धरून सव्वीस.

मग हिरवी खूण आली.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत,
सुया परत चालू झाल्या, एवढंच.
घड्याळात अकरा मिनिटं गेली होती.

निघताना दोसिंदानं म्हाताऱ्याच्या पाठीत
सवयीनं एक थाप घातली, तर तो उजळला.
वर लिहिलं होतं: फक्त पाहण्यासाठी.
सगळी जाळी दिसत होती, फिरवून बघता येत होती,
एक गाठ मात्र हलत नव्हती.

"भंगारात नेऊ?" मी विचारलं.

दाराशी उन्हात तिची मावशी शेनेरोसा बसली होती,
बोटं वाकडी झाल्यापासून
सात वर्षं सुई न धरलेली.
समोरच्या ढिगाकडे बघत ती म्हणाली,
"तिसऱ्या ओळीत एक डोळा सुटलाय, पोरी."
साबेलानं उलगडून बघितलं.
सुटला होता.

"राहू दे त्याला," दोसिंदा म्हणाली,
"तिथंच, खिडकीपाशी.
ते बटण तेवढं नीट चिकटवून जा."